सलग 38 दिवस ‘ठीक’

आज पाहुणं कोणी नाही, मी एकटीच बोलणार आहे. बऱ्याच जणांनी विचारलं होतं, ‘ते तुझं मूड डायरीचं अ‍ॅप कुठवर आलं?’ तर आज त्याचंच सांगते. आणि सुरुवात मी त्यात काय चुकवलं, तिथूनच करते.

पहिली आवृत्ती दोन वीकेंडमध्ये झाली. फ्लटरमध्ये एक स्क्रीन, त्यावर पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. खाली दोन ओळी लिहायला जागा. आत एसक्यूलाइटचं एक टेबल. झालं! मग लोकांनी रोज यावं म्हणून स्ट्रीक घातला. म्हणजे सलग किती दिवस नोंद केली त्याचा आकडा, आणि एक दिवस चुकला की परत शून्य. सगळे घालतात, मीही घातला.

पहिली वापरणारी माझी रूममेट. तिने सलग 38 दिवस नोंद केली. आलेख जवळपास सरळ रेष. अ‍ॅपने तिला सांगितलं, ‘तुमचा मूड स्थिर आहे. छान!’ हे वाक्य मीच लिहिलेलं. त्याचा स्क्रीनशॉट तिला विचारून मी मित्रांना दाखवत फिरले.

त्याच आठवड्यात ती रजा टाकून लातूरला घरी गेली. दोन महिने तिला धड झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. आणि आम्ही एकाच खोलीत राहत होतो. मी फोनवर म्हटलं, ‘अगं, पण तू तर रोज ठीक लिहीत होतीस!’ ती म्हणाली, ‘रात्री विचार करायची ताकदच नसायची गं. मधला चेहरा दाबायचा आणि पडायचं. तुझी साखळी तुटायला नको म्हणून.’

‘तुझी साखळी’ हे शब्द मला फार लागले. डायरी तिची होती, पण ती नोंद करत होती माझ्या आकड्यासाठी. खोटं बोलायला तिला मीच भाग पाडलं होतं. त्यानंतर प्रत्येक फीचरला मी एकच प्रश्न विचारते: यामुळे कोणाला स्वतःच्याच डायरीशी खोटं बोलावंसं वाटेल का?

पहिला गेला स्ट्रीक. आता दिवस चुकला तर कॅलेंडरमध्ये कोरा चौकोन दिसतो, बस. लाल रंग नाही, टोमणा नाही. कोरे दिवसही काहीतरी सांगतातच. बऱ्याचदा माणूस सगळ्यात वाईट दिवसांतच लिहीत नाही.

मग चेहरे. कंटाळा आणि वैताग दोन्हीला मी एकच रडका चेहरा दिला होता. पण कंटाळ्यात हात उचलवत नाही, आणि वैतागात भांडी आपटावीशी वाटतात! जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने 1980 मध्ये भावनांचा एक नकाशा मांडला. त्यात दोन अक्ष आहेत: एक बरं वाटतंय की वाईट, आणि दुसरा अंगात जोर किती आहे. मी तोच घेतला. पाच चेहऱ्यांच्या जागी एक चौकोन आला, त्यात हवं तिथे बोट ठेवायचं.

शब्दांची गंमत वेगळीच. आधी मी इंग्रजी यादी उचलून मराठी केली होती, ‘चिंताग्रस्त’, ‘निरुत्साही’ वगैरे. असं कोण बोलतं हो घरात? रूममेट यादी वाचून म्हणाली, ‘यातलं मला काहीच होत नाही. मला धाकधूक होते.’ मग आईला, मावशीला विचारून नवी यादी केली. धाकधूक, रुखरुख, हुरहूर, चिडचिड, वैताग. हुरहूर आणि रुखरुख एक नाहीत, हे आईने मला अर्धा तास समजावलं.

नंतर सरासरी काढून टाकली. सकाळी 5, रात्री 1, सरासरी 3. म्हणजे पुन्हा ‘ठीक’! आता दिवसातल्या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात.

डेव्हलपर मंडळींसाठी एक छोटी गोष्ट. रात्री 12:40 ला लिहिणाऱ्याच्या मनात अजून ‘आज’च चालू असतो, पण अ‍ॅप तारीख बदलून मोकळं. म्हणून माझ्याकडे दिवस पहाटे 4 ला बदलतो. वेळ यूटीसीमध्ये साठवते आणि वापरणाऱ्याची तारीख वेगळ्या कॉलममध्ये.

आणि प्रायव्हसी. ‘तुमचा डेटा फोनबाहेर जात नाही’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. पण अँड्रॉइडमध्ये ऑटो बॅकअप असतो. आपण बंद केला नाही, तर अ‍ॅपचा डेटा वापरणाऱ्याच्या गुगल ड्राइव्हवर जाऊ शकतो. मॅनिफेस्टमधली एक ओळ बघायची राहिली होती! आता तो बंद आहे. बॅकअप हवा असेल तर पासवर्ड टाकून स्वतः फाइल काढायची. रात्रीचं नोटिफिकेशनही बदललं. आधी लॉक स्क्रीनवर ‘आज मूड कसा आहे?’ असं झळकायचं. हॉस्टेलच्या खोलीत चार जणींसमोर ते कोणाला हवंय? आता फक्त ‘नोंद’ एवढंच येतं.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम केली नाही. नोंदी वाचून ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं अ‍ॅप सांगत नाही. ते काम डॉक्टरांचं. त्याऐवजी टेली-मानसचा 14416 हा नंबर मेनूमध्ये कायम दिसतो. सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, 24 तास, मराठीतही बोलता येतं. तुमच्यापैकी कोणाला गरज असेल तर आत्ताच सेव्ह करा.

रूममेट परत आली आहे. तिकडे डॉक्टरांना भेटली, औषध सुरू आहे. अ‍ॅप अजून वापरते, पण आठवड्यातून तीन-चारदाच. परवा तिने स्वतःहून तिचं कॅलेंडर दाखवलं. मध्ये सलग नऊ कोरे चौकोन होते. मी काही बोलले नाही, चहा टाकला आणि विचारलं, ‘ते नऊ दिवस कसे गेले गं?’ मग आम्ही बराच वेळ बोलत बसलो. हे मी त्या 38 दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

चला, आज इथेच थांबते. तुमच्या घरी अशा भावनांना काय काय शब्द आहेत, मला जरूर कळवा. यादीत अजून भरपूर जागा आहे. भेटू पुढच्या भागात!