उंदीर, पिसू आणि पाठीवरचें पोतें

(तुर्भें, नवी मुंबई येथें माथाडी कामगारांपुढें झालेलें भाषण)



ज्या दाणाबाजारांत तुम्ही पोतीं वाहतां, तो पूर्वीं मुंबईंत मशीदबंदरच्या बाजूस होता. तेथल्याच मांडवींत सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. रोग तेथेंच कां उद्भवला? देवीच्या कोपानें? मुळींच नाहीं! तेथें धान्याच्या वखारी होत्या. धान्य तेथें उंदीर, आणि उंदीर तेथें पिसू.

प्लेगचे जंतु उंदराच्या रक्तांत वाढतात. उंदीर मरून थंड पडला कीं त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरें ऊबदार शरीर शोधतात. आणि जवळ असतो तो पोतें उचलणारा हमाल! पिसू चावली कीं ताप भरतो, जांघेंत किंवा काखेंत गांठ येते. पिसवांचें हें काम पॉल-लुई सिमों यांनीं १८९८ सालीं दाखविलें. त्याआधीं सरकारनें घरें धुतलीं, सामान जाळलें, माणसें उचलून छावण्यांत नेलीं. पिसू मात्र मोकळीच राहिली.

ज्यांना जमलें ते शहर सोडून गेले. गरिबांजवळ राहिले कोण? १८९० मध्यें गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून देणारे 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे. रोग्यांची सेवा करतां करतां ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं ते प्लेगानेंच गेले. महिन्याभरानें, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील आजारी पोराला पाठीवर घेऊन त्यांनीं डॉ. यशवंतांच्या दवाखान्यांत आणलें होतें.

त्यांच्यापाशीं औषध नव्हतें, आपल्यापाशीं आहे. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालें तर बहुतेक रोगी वांचतात. तरीहि १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व सुरतेस रोगाचा बोभाटा झाला, तेव्हां सुरतेहून लाखों लोक पळाले. औषध असतां भीतीनें पळणें, ही अज्ञानाची शिक्षा होय.

आज येथें प्लेग नाहीं, घाबरूं नका. पण उंदीर आहेत. गाळ्यांत एकाएकीं उंदीर मरून पडूं लागले तर उघड्या हातानें उचलूं नका, महापालिकेस कळवा. ताप येऊन गांठ दिसली तर अंगारेधुपारे न करितां त्याच दिवशीं दवाखाना गांठा. आणि गाळ्यांची सफाई व उंदरांचा बंदोबस्त हें व्यापाऱ्यांचें व बाजार समितीचें कर्तव्य आहे. तें एकजुटीनें मागा. ज्या पाठीवर सारा बाजार उभा आहे तिला रोगापासून जपा, हें मागणें भीक नव्हे, हक्क आहे!