पाकिटावरचा सन्मान

(पनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

परदेशांतील दुकानांत जून महिना उजाडला की अनेक वस्तूंवर इंद्रधनुष्याचे रंग उमटतात. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीचा हा सन्मान, असे सांगितले जाते. वाळवलेल्या सूपच्या मिश्रणाचे पाकीटही आता त्यात आले आहे. गरम पाण्यात ढवळा आणि चळवळीचा गौरव करा! हसू येते खरे. परंतु हसून सोडून द्यावा असा हा विषय नाही.

वस्तूच्या पुडीतून चळवळ लोकांपर्यंत नेण्यात मुळात गैर काही नाही. १९३० साली कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी मुंबईच्या शेअर बाजारात बेकायदा मिठाच्या पुड्या विकल्या आणि तुरुंगवास पत्करला. पनवेल-उरणच्या खाडीकाठच्या माणसाला मिठाचे मोल सांगायला नको. पण त्या पुडीची किंमत मिठाची नव्हती, विकणारीने पत्करलेल्या जोखमीची होती.

सूपच्या पाकिटात जोखीम कोणाची? उत्पादकाचा वाढीव खर्च वेष्टनावरील शाईपुरता. जेथे तो रंग विक्रीला मारक ठरेल तेथे तो लावण्याचे धाडस सहसा होत नाही. बाजार सन्मान करतो तो गिऱ्हाइकाचा. ज्याचा खिसा रिकामा, तो त्याच्या हिशेबात नसतो.

याउलट उदाहरण पाहा. १९७० नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत कूर्स या बिअर कंपनीविरुद्ध टीमस्टर्स या वाहनचालकांच्या संघटनेचा लढा चालू होता. हार्वे मिल्क यांनी समलिंगी वस्तीतील मद्यगृहांना त्या बिअरवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले आणि संघटनेकडे मागणी केली, की आमच्या माणसांनाही चालकाची नोकरी मिळाली पाहिजे. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात समलिंगी कार्यकर्त्यांनी लंडनमध्ये डबे फिरवून वेल्सच्या संपकऱ्यांसाठी निधी जमवला. १९८५ मध्ये तेच खाणकामगार त्यांच्या मोर्चात चालले, आणि मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगी हक्कांच्या ठरावामागे कामगारांची मते उभी राहिली. सन्मान असा परस्परांच्या लढ्यात उतरून होतो.

आणि आपल्याकडे? र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, उघड उत्तरे दिली म्हणून खटला झाला. १९३४ मध्ये उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, परंतु भूमिका घेतली गेली. त्यानंतरच्या दीर्घ काळात आम्ही समतावाद्यांनी काय केले? मी आयुष्यभर वर्गात वर्गसंघर्ष शिकवला. समोर बसलेल्या एखाद्या मुलाचे मौन मात्र मला ऐकू आले नाही. ही कबुली आपल्यापैकी अनेकांनी द्यावी अशी आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून मुक्त केले. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. याचा अर्थ कामगाराच्या भाषेत समजून घ्या. दोघे वीस वर्षे एका घरात राहिले, एका चुलीवर जेवले. त्यांतील एक गेला तर दुसऱ्याला जोडीदार म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन नाही. ज्याचे नाते उघड झाले की घरमालक खोली रिकामी करायला सांगतो आणि मुकादम कामावरून काढतो, त्याचा प्रश्न केवळ नीतीचा नाही. तो भाकरीचा आणि निवाऱ्याचा आहे.

म्हणून कोणी असे पाकीट पुढे केले तर तीन प्रश्न विचारा. नफ्यातला वाटा चळवळीला किती? ते भरणाऱ्या कामगाराला वेतन किती? आणि त्या कारखान्यात समलिंगी कामगार निर्भयपणे आपली ओळख सांगू शकतो काय?

मात्र हेच प्रश्न आपल्या कामगार संघटनांनाही लागू आहेत. पुढील वेतनकरारात भेदभावबंदीचे कलम घाला, आणि पक्षाच्या शाखेत असा साथी आला तर त्याला कुजबुजीवाचून बसायला जागा द्या. त्याला पाकीट नको आहे, पंगतीत पान हवे आहे.