लाख वर्षांनंतरच्या वाचकास



मानवाच्या दूरच्या भविष्याविषयी बोलायचे म्हटले की वक्ता श्रोत्यांना थेट मंगळावर नेऊन सोडतो. मी आपणांस जमिनीखाली नेणार आहे.

फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओल्किलुओतो नावाचे बेट आहे. तेथे सुमारे १९० कोटी वर्षे जुन्या खडकात, चारशे मीटरांहून खोल, बोगदे खोदले आहेत. अणुभट्टीतले वापरलेले इंधन तांब्याच्या पिंपांत भरायचे, भोवती बेंटोनाइट माती ठासायची आणि शेवटी बोगदे बुजवून वर यायचे, अशी ही योजना. त्या इंधनात प्लुटोनियम असते. त्याचा मुख्य प्रकार निम्मा व्हायला २४,१०० वर्षे लागतात आणि उरलेल्याचा निम्मा व्हायला पुन्हा तितकीच. म्हणून तेथील हिशेब लाख वर्षांचा. आपली ज्ञानेश्वरी १२९० सालची. एवढ्यातच तिच्या ओव्यांना आपल्याला अर्थ द्यावे लागतात!

मग 'येथे खणू नका' हे लाख वर्षांनी येणाऱ्याला सांगावे कसे? अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अशाच एका जागेसाठी, १९९३ साली, प्रचंड काटेरी खांबांचे रान उभारावे इथपर्यंत कल्पना गेल्या. आपणांस हसू येईल. पण हा प्रयोग कोकणाने केव्हाच करून पाहिला आहे. शिलाहारांच्या काळापासूनचे गधेगाळ आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतो ही आज्ञा. मध्ये दानाचा लेख. आणि खाली गाढवाची ती शिवी, जिचे वर्णन या सभेत न केलेले बरे. दान मोडणाऱ्याला, अक्षरशत्रू असला तरी, धाक बसावा म्हणून ते चित्र. झाले काय? लिपी विसरली गेली आणि काही गावांत त्याच दगडाला शेंदूर लागला. धमकीचा देव झाला!

त्याच कोकणच्या उत्तर टोकाला, तारापूरला, १९६९ पासून अणुवीज तयार होऊ लागली. तेथे तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत गोठवतात. तेव्हा हा प्रश्न फिनलंडचा म्हणून सोडून देता येत नाही.

कित्येक जाणते म्हणतात, खूणच ठेवू नका. विसरलेली जागा सुरक्षित. मला हे पटत नाही. तांब्यासाठी माणूस डोंगर पोखरत आला आहे, आणि येथे तर आपणच शुद्ध तांबे पुरून ठेवणार. १९८४ साली थॉमस सेबिऑक या चिन्हशास्त्रज्ञाने सुचवले होते की सूचना दगडावर सोडू नये. दर तीन पिढ्यांनी ती त्या काळच्या भाषेत पुन्हा लिहावी. त्याने त्यासाठी एक पुरोहितवर्गही कल्पिला. पुरोहित मला नकोत, शाळामास्तर पुरेत. मात्र तीन पिढ्यांची पाऊणशे वर्षे धरली, तर लाख वर्षांत ही पाटी तेराशेहून अधिक वेळा पुसून लिहावी लागेल.