दम्याचा टेकू काढू नका

(मांडवगण फराटा येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



दमा बरा होतो का, हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला आहे, तितका दुसरा कोणताही नाही. याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही आणि नेमकी येथेच रुग्णाची फसगत होते. 'नाही' म्हटले की माणूस हताश होतो. आणि 'हो' म्हणणारा कुणीतरी पुढच्या गावात पाटी लावून बसलेलाच असतो.

आयुर्वेदाने या दोन उत्तरांच्या मध्ये एक तिसरा शब्द ठेवला आहे : याप्य. साध्य म्हणजे बरा होणारा, असाध्य म्हणजे हाताबाहेर गेलेला. याप्य म्हणजे उपचार चालू आहेत तोवर माणसाला सुखाने जगू देणारा आणि उपचार थांबताच उसळणारा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार आहेत. त्यांतील तमकश्वास म्हणजे आजचा दमा असे वैद्य मानतात. तो नवा असेल तर साध्य होऊ शकतो, एरवी याप्य, असा चरकांचा निर्वाळा आहे. सुश्रुतांनी याप्य रोग्याला पडू पाहणाऱ्या घराची उपमा दिली. टेकू नीट लावला तर ते घर उभे राहते. टेकूमुळे भिंत नवी होत नाही. पण आत संसार चालतो, मुले वाढतात, लग्नकार्ये होतात. आणि घर उभे आहे असे पाहून कोणी टेकू काढून नेत नाही. दम्याचा रुग्ण मात्र नेमके हेच करतो.

चरकांचे निरीक्षण तर पाहा. ढगाळ हवा, गारठा आणि पूर्वेचा वारा यांनी तमकश्वास वाढतो. रुग्णाला आडवे होववत नाही, उठून बसल्यावर बरे वाटते. धूळ आणि धूर ही श्वासाची कारणे म्हणून सांगितली आहेत. पहाटे तीन वाजता अंथरुणात उशीवर ओणवे बसलेले माणूस ज्या घरात आहे, त्या घराला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण म्हणून सारे काही आपल्याकडे आधीच होते, असे मी म्हणणार नाही. वर्णन अचूक होते. मात्र श्वासनलिकेच्या आत काय घडते हे कळायला सूक्ष्मदर्शक यावा लागला, आणि औषध थेट तेथे पोहोचवायचे साधन १९५६ साली आले.

आत तीन गोष्टी घडतात. नलिकेचे अस्तर सुजते, तिच्या भोवतीचे स्नायू आवळले जातात आणि चिकट कफ साचतो. स्नायू आवळले की धाप लागते, घरघर ऐकू येते. ते सर्वांना दिसते, म्हणून त्यालाच आपण दमा म्हणतो. सूज मात्र धाप नसलेल्या दिवशीही आत असते. म्हणून औषधेही दोन प्रकारची आहेत. साल्ब्युटामॉलसारखे औषध आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. त्याला आराम देणारे म्हणा. दुसरे श्वासावाटे घ्यायचे स्टिरॉइड. ते सूज उतरवते, पण सावकाश, दिवसांनी आणि आठवड्यांनी. घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही, त्यामुळे रुग्णाला आराम देणारे औषध 'लागू' पडते असे वाटते आणि रोजचे औषध तो सोडून देतो. प्रत्यक्षात टेकू आहे तो हाच. केवळ आराम देणाऱ्या औषधावर बारा वर्षांवरील रुग्णांचा दमा सांभाळू नये, असे दम्याविषयीच्या 'जिना' या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. त्याच वर्षाच्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातील दमेकऱ्यांच्या हे जेमतेम तेरा टक्के, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत आपला वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे. ही तफावत आजार येथे अधिक तीव्र आहे म्हणून नाही. रोजचे औषध फारच थोड्यांपर्यंत पोहोचते, आणि पोहोचले तरी टिकत नाही.

'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' ही वाक्ये आपल्या ओसरीवर ऐकू येतात. त्यांचा हिशेबच मांडू. साल्ब्युटामॉलची एक गोळी साधारण चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका फवाऱ्यात शंभर. एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचे औषध पोटात जाते, रक्तातून अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते आणि गुणही उशिरा येतो. तरी गोळी सौम्य आणि पंप जहाल, हा समज जात नाही. स्टिरॉइडचेही तसेच. श्वासावाटे काहीशे मायक्रोग्रॅम घ्यायला जो घाबरतो, तोच 'समूळ दमा बरा' करणाऱ्या बिननावाच्या पुड्या महिनोन्महिने खातो. अशा पुड्यांत पोटात घ्यायचे स्टिरॉइड दळून घातल्याचे वारंवार उघडकीस आले आहे. पहिल्या आठवड्यात जादू दिसते. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

कोजागरीच्या खिरीतून औषध, मृग नक्षत्रावर हैदराबादेत गिळायचा मासा, यांबद्दलही विचारले जाते. श्रद्धेने जायचे तर जावे. रोजचे औषध बरोबर न्यावे आणि परत आल्यावरही चालू ठेवावे, एवढाच माझा आग्रह. प्राणायामाचे याहून चांगले म्हणता येते. श्वास शांत होतो, भीती कमी होते, दिवस बरा जातो. मात्र औषधाच्या जागी तो नव्हे, आणि दम लागलेला असताना कपालभाती तर मुळीच नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापिले ते योगक्रियांची प्रयोगाने परीक्षा करण्यासाठीच. तीच वृत्ती ठेवावी. पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते. तीनदा जोराने फुंकायचे, सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. बऱ्या दिवसांतील आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ऐंशी टक्क्यांखाली तो घसरू लागला तर सावध व्हावे. निम्म्याखाली गेला तर तातडीने दवाखाना गाठावा.

आता एक विषय, जो घरात कुजबुजून बोलला जातो. मुलीला दमा आहे हे स्थळ पाहताना सांगायचे की नाही? माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणीच्या आईने लग्न ठरताच तिचा पंप कपाटात ठेवून दिला. मुलगी सासरी गेली ती औषधाविना, आणि वाट्याला आला चुलीपुढचा स्वयंपाक. दिवस राहिल्यावर 'आता औषध नको' म्हणून उरलेले सारे बंद झाले. सातव्या महिन्यात तिला ऑक्सिजनवर आणले गेले. आई आणि बाळ दोघेही सुखरूप आहेत. पण गरोदरपणात नेहमीच्या श्वासावाटे घ्यायच्या औषधांपेक्षा आटोक्याबाहेर गेलेला दमाच बाळाला अधिक घातक असतो, हे त्या घरातील एकालाही कोणी सांगितले नव्हते. दमा संसर्गजन्य नाही. तो घराण्यात उतरू शकतो, पण मुलाकडूनही. मग लपवायचे ओझे मुलीनेच का वाहायचे?

चुलीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या तालुक्यातीलच एक काम सांगतो. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या वतीने ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या परिसरात पुढे श्वसनविकारांचा अभ्यास झाला, तेव्हा आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या माणसांतही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार, आढळला. घरातील धूर विडीसारखाच छातीत उतरतो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस पुष्कळ घरांत आला, पण सिलिंडर संपला की चूल पेटतेच. आंघोळीचे पाणी तर चुलीवरच. डासांच्या एका अगरबत्तीतून बंद खोलीत सूक्ष्म कणांचा जो धूर निघतो, तो सुमारे शंभर सिगारेटींच्या बरोबरीचा असतो. लेकराजवळ ती लावू नका, मच्छरदाणी बांधा.

भीमा आणि घोड या नद्यांमधला आपला हा पट्टा उसाचा. तोडणी झाली की पाचट पेटवले जाते, दौंडच्या बाजूला गुऱ्हाळांची धुराडी दिसतात, आणि तोडणी कामगारांच्या कोपीत पोरे धुरातच झोपतात. बांधावर गाजर गवत माजते, ज्याची देशातील पहिली नोंद १९५०च्या दशकात आपल्या पुण्याचीच. त्याचे परागकण अनेकांना शिंका आणि धाप आणतात. फुलण्याआधी ते उपटावे, पण दमेकऱ्याने स्वतः नव्हे. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले तर ओलही टिकते. जाळायचेच ठरवले असेल, तर निदान शेजारच्या वस्तीवर दमेकरी आहे का ते विचारा आणि आदल्या दिवशी निरोप द्या.

शिरूर असो की दौंड, रात्री दोन्ही लांबच. म्हणून धोक्याच्या खुणा घरातील प्रत्येकाला ठाऊक हव्यात : एक वाक्य सलग बोलता न येणे, बरगड्यांमधील जागा आत ओढली जाणे, ओठ काळेनिळे पडणे. घरघर थांबली आणि माणूस मलूल झाला, तर तो उतार समजू नका. हवा आत जाणेच थांबत चालले आहे. रुग्णाला बसते ठेवा, स्पेसरमधून आराम देणारे औषध एकेक करून चार फवारे द्या, १०८ला दूरध्वनी करा. वीस मिनिटांत उतार नसेल तर पुन्हा चार. गाडीची वाट पाहताना औषध थांबवू नका.

शेवटी, ज्यांनी आपले पंप बरोबर आणले आहेत त्यांनी थांबावे. येथे प्रत्येकाने तो मला घेऊन दाखवायचा आहे. फवाऱ्याचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश ओढत दाबायचा आणि दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरायचा. कॅप्सूलचे यंत्र उलट जोराने ओढायचे. स्टिरॉइड घेतल्यावर चूळ भरायची. आजींपासून सुरुवात करू. त्या केव्हाच्या पिशवी उघडून बसल्या आहेत.