स्नेक प्लांटला तहान कमी

कुंडीतलं स्नेक प्लांट मरतं ते बहुधा दुर्लक्षामुळे नव्हे, अति पाण्यामुळे. मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या या सदाहरित झाडाची जाड पानं आणि मातीतलं आडवं खोड पाणी साठवतात. शिवाय पानांवरची रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे भर उन्हात बाष्प फारसं उडत नाही. उन्हाळ्यात तरी रोज पाणी हवंच ना, असं कुणी विचारेल. नको! माती आतपर्यंत सुकल्यावरच भरपूर पाणी द्यावं, कारण सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मातीत जाड वाळू मिसळा, कुंडीला भोक ठेवा, पावसाळ्यात ती आडोशाला घ्या. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड तगतं खरं, पण वाढतं उजेडातच. पानं कुत्र्यामांजरांना बाधतात, तेव्हा कुंडी त्यांच्यापासून लांब ठेवा.