अळीच्या पोटातली कात्री
(इनामगाव येथील बैठकीतील भाषण)



घोड नदीच्या काठी याच इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. जळून कोळसा झालेले सातू, मसूर, हुलग्याचे दाणे निघाले, धान्याची पेवेही निघाली. दाणा साठवला की किडीशी भांडण आलेच. ते भांडण आजही आपल्या घरात आणि शिवारात चालू आहे. ते नीट समजून घेतले नाही, तर औषधाच्या बाटल्या रित्या होतील आणि घाटे पोकळच राहतील.

दाणा म्हणजे झाडाचे लेकरू. झाड त्याला उघड्यावर टाकत नाही. हुलगा आपण बैलालाही भिजवून, शिजवून घालतो. कच्चा पचत नाही. का पचत नाही? खाल्लेली प्रथिने तोडणारे पाचकरस म्हणजे पोटातल्या कात्र्या. कडधान्याच्या दाण्यात असा एक पदार्थ असतो, की तो कात्रीच्या पात्यांत पाचरीसारखा अडकतो. याला रोधक म्हणतात. शिजवले की ही पाचर बरीचशी निकामी होते.

आपल्याकडे चूल आहे. अळीकडे नाही. मग ती हरभरा पचवते कशी?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हेच तपासले. १९९८ साली त्यांनी दाखवले, की घाटेअळीच्या पोटातले पाचकरस हरभऱ्याचा रोधकच तोडून टाकतात. पाचर लाकडाची, तर अळीने ती कापणारी कात्री काढली! ही अळी हरभऱ्यावर जगते, तुरीवर जगते, कापसावरही जगते. तिच्याकडे कात्र्यांचा जुडगाच आहे. जसे खाणे, तशी कात्री ती पुढे करते. १९९९ साली याच मंडळींना आढळले, की हरभरा, तूर, कापूस या तिच्या रोजच्या पिकांचे रोधक कमी पडतात. भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा यांचे रोधक जास्त चालतात, कारण त्यांची तिला सवय नाही. पण तिथेही एकाने भागत नाही. एकामागून एक वेगळे रोधक वापरावे लागतात.

कणगीतला भुंगेरा आणखी वेगळा. त्याच्या कात्र्यांची जातच दुसरी. अमेरिकेतल्या एका प्रयोगात चवळीच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांना सोयाबीनमधला रोधक खाऊ घातला. आधी त्यांची वाढ खुंटली. मग त्यांनी त्या रोधकाला न जुमानणारे पाचकरस वाढवले आणि पुन्हा खाऊ लागल्या.

बीटी कापसाचे काय झाले ते आपण पाहिलेच. २००२ साली तो आला. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. तिथे कात्री नव्हे, तर पोटात ज्या जागी ते विष चिकटते ती जागाच अळीने बदलली. रीत वेगळी, धडा तोच. सगळीकडे एकच उपाय वर्षानुवर्षे वापरला, तर आपणच किडीची शाळा चालवतो. जी तगते, तिचीच पिलावळ वाढते.

म्हणून आम्ही सांगतो, कीड एका वाटेने गाठू नका, चार वाटांनी गाठा. हरभऱ्यात ज्वारीचे तुरळक दाणे टाका, ताटांवर पाखरे बसतील आणि अळ्या टिपतील. कामगंध सापळे लावा. फुलोरा सुरू होताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यानंतर औषध घ्यावेच लागले, तर दर वेळी तेच घेऊ नका. घरातले कडधान्य दाताखाली कट्कन फुटेल इतके वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. तेलाखाली भुंगेऱ्याची अंडी गुदमरतात. तिथे पोटातली कात्री कामाला येत नाही.

आणि "या एकाच बियाण्याने कीड कायमची गेली" असे कोणी सांगत आला, तर त्याला एवढेच विचारा : किडीने कात्री बदलली, म्हणजे पुढे काय? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नका.