धुण्याआधी पाहा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाकडून आपण जमलेल्या कामांच्या गोष्टी ऐकायची अपेक्षा कराल. मी मात्र आज एक फसलेलं काम सांगणार आहे.

१९९६ सालची गोष्ट. मिरज स्टेशनवर भाड्याने चालणारी एक डिझेल अ‍ॅम्बॅसडर माझ्याकडे इंजिन बांधायला आली. मालकांना सगळे अण्णा म्हणत. गाडी उभी राहिली की घर अडायचं. मी क्रँक ग्राइंड करून आणला, नवे ब्रास घातले, इंजिन बांधून दिलं. तीनशे किलोमीटर झाले नाहीत तोच गाडी दोरीने ओढत परत आली. इंजिन खालून ठोकत होतं.

‘ब्रास’ हा आमचा गॅरेजमधला शब्द. ती खरं तर पोलादी पाठीवर मऊ धातूचा थर दिलेली अर्धगोल बेअरिंगं. क्रँक त्यांच्यात फिरतो, पण चालू इंजिनात त्यांना टेकत नाही. मध्ये तेलाचा थर असतो. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या भोकातून तेल वर येऊ लागलं, म्हणून त्यांनी भोकात लाकडी खुंटी ठोकली. तेलाच्या दाबाने ती खुंटीही बाहेर आली! फिरणारा आस तेल आत ओढतो आणि त्याच तेलावर उचलला जातो. मोटारीच्या क्रँकला त्यासाठी जागा असते जेमतेम पाच शतांश मिलिमीटर, म्हणजे एखाद्या केसाएवढी. तेवढं तेल तुटलं की धातूवर धातू घासतो आणि काही क्षणांत ब्रास पुसला जातो.

मी तेव्हा काय केलं? ऑइलचा चेंबर उतरवला, सगळं डिझेलने लख्ख धुतलं आणि दोष ग्राइंडिंगवाल्यावर टाकला. क्रँक पुन्हा एक साइज उतरवला, पुन्हा नवे ब्रास घातले. अण्णांकडून पैसेही घेतले. दोन आठवड्यांत गाडी परत दारात!

या वेळी ठोका नुकताच सुरू झाला होता. मी माझ्या उस्तादांना बोलावलं. ते म्हणाले, ‘‘मागच्या वेळी चेंबरात काय होतं?’’

‘‘धुऊन टाकलं.’’

‘‘मग साक्षीदारच धुतलास की रे!’’

त्यांनी तेलाच्या वाटेवर दाबाचा गेज बसवला आणि इंजिन मिनिटभरच चालू केलं. ब्रास नुसते झिजले असते, तर गरम इंजिनाचा दाब मंद चालीत कमी दिसतो आणि वेग वाढवला की चढतो. इथे उलटं झालं. वेग वाढताच काटा खाली आला. पंप जास्त तेल मागत होता आणि त्याला खालून तेल मिळत नव्हतं.

चेंबर उघडला, पण धुतला नाही. तेल ओढणाऱ्या जाळीवर राखाडी तुकडे चिकटले होते. ती मीच लावलेली पेस्ट होती. गळती नको म्हणून मी पॅकिंगला ती जाड थापली होती. जादा पेस्ट आत दबली, सुटली आणि जाळीवर जाऊन बसली.

उस्तादांनी सगळे ब्रास क्रमाने मांडले. एकच गेला असता, तर त्याच्याच वाटेवरचं भोक किंवा फट तपासायची. ओरखडे असते, तर तेलात कचरा. एकाच कडेला झीज असती, तर कनेक्टिंग रॉड वाकडा. इथे सगळेच पुसलेले, पाठी निळ्या पडलेल्या. म्हणजे तेल मुळातच कमी येत होतं.

त्या संध्याकाळी मी अण्णांना खरं सांगितलं आणि दोन्ही वेळचे पैसे परत केले. त्यांनी ते मोजून घेतले. ‘‘पैसे आले, पण बुडालेली भाडी कुठली येणार?’’ एवढंच म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्राइंडिंगवाल्याचीही दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली.

आपल्यासाठी दोनच गोष्टी सांगतो. चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला, तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. दाब अगदी तळाला गेल्यावरच तो लागतो. ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्यांची इंजिनं मी पुष्कळ उघडली आहेत. आणि इंजिन बांधायला दिलंत, तर जुने ब्रास मागून घ्या. ते का गेले, हे मेकॅनिकला विचारा. त्याला सांगता येईपर्यंत नवे घालू देऊ नका.